फुटपट्टीनं सरकवलेलं पॅड

वकिलानं शाईचं पॅड आमच्याकडे ढकललं. तेही फुटपट्टीच्या टोकानं. हात लावला नाही.

महाल भागातल्या त्याच्या ऑफिसात आम्ही जमिनीवर बसलो होतो. खुर्च्या रिकाम्या होत्या. मी पाचवीत होते. बाप वारून वर्षही झालं नव्हतं आणि काकाला आमची खोली हवी होती, म्हणून आई वकील करायला आली होती. आईला सही येत होती. आठ दिवस माझ्या वहीत गिरवून घेऊन मीच शिकवली होती. आज सही करायची म्हणून ती ठेवणीतली साडी नेसून आली होती.

मी म्हणाले, ‘‘आईला सही येते.’’

तो हसला. ‘‘तुमच्या लोकांचा अंगठाच बरा. लवकर होतो.’’

आईनं अंगठा दिला. चार कागदांवर. त्यांत काय आहे ते त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती झाली नाही. रस्त्यावर आल्यावर ती माझ्यावरच चिडली. ‘‘काहून बोलली वं मधात? त्याईले राग आला असता तं?’’ बोलताना पदराला अंगठा पुसत होती. शाई निघाली नाही.

खोलीही राहिली नाही. चारांतल्या एका कागदावर लिहिलं होतं की आई आपला हक्क सोडते आहे. आमचाच वकील काकाला फितूर होता की नुसता बेफिकीर, मला आजही माहीत नाही. बेघर आम्ही दोन्हीत झालो असतो.

मी हट्टानं वकील झाले. एका नावाजलेल्या सिनिअरकडे लागले. त्यांच्या टेबलावर तसंच पॅड होतं, सदा ओलं. वर्षानुवर्षं मी ते बघितलं आणि गप्प बसले. पोटाचा प्रश्न होता, असं स्वतःला सांगत राहिले.

मग सिनिअरकडे अशील म्हणून सुशीलाबाई आल्या. साठीच्या. इतवारीत कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या. नवरा गेला आणि दिरानं त्यांच्या मनीषनगरातल्या दोन खोल्यांवर दावा लावला. त्याला तिथे इमारत उठवायची होती. बाई चौथी शिकलेल्या, पण दुकानांच्या पाट्यांपलीकडे पन्नास वर्षांत काही वाचलं नव्हतं. कोर्टात तारखेला तासन्‌तास नुसतं बसावं लागतं. त्या वेळात मी त्यांना त्यांच्याच केसचे कागद वाचायला लावायची. वादी म्हणजे कोण, ताबा म्हणजे काय, जज काही विचारतील तेव्हा कुणाकडे बघून बोलायचं. दिरानं त्यांचा नळ तोडला तेव्हा प्लंबरला घेऊन मीच गेले आणि नळ लागेपर्यंत दारात उभी राहिले.

सिनिअरना हे कळलं. ‘‘तू वकील आहेस का मास्तरीण?’’ ऑफिस हसलं. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. तडजोड झाली म्हणाले, पुकारा व्हायच्या आत बाईचा अंगठा घे. मी विचारलं, बाईंना सांगितलंय का?

‘‘सांगून काय समजणार तिला?’’ असं म्हणून त्यांनी बॅगेतून पॅड काढलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पॅड घेतलं, झाकण लावलं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं. कागद सुशीलाबाईंना दिला. म्हटलं, वाचा.

त्या वाचू लागल्या. शब्दाखाली बोट धरून. सिनिअर घड्याळ बघत होते, मला दटावत होते. मी जागची हलले नाही. ‘स्वखुशीने ताबा सोडत आहे’ इथे बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा तिथेच आलं.

‘‘मॅडम, खुशीनं असं कोनं लिवलं? मी तं खुश नाही.’’

पुकारा झाला. आत सिनिअरनी तडजोड झाल्याचं सांगितलं. जजनी बाईंना विचारलं, मान्य आहे का. त्या पुढे झाल्या. नजर समोर होती, शिकवलं होतं तशी.

‘‘मी वाचलं. मले मान्य नाही.’’

तडजोड फिसकटली. बाहेर आल्यावर सिनिअर म्हणाले, उद्यापासून येऊ नको. वर म्हणाले, तिला वाचता येतं म्हणून ती जिंकेल असं वाटतं का तुला?

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘पण हरली तर वाचून हरेल.’’

दावा अजून चालू आहे. निकाल काय लागेल मला ठाऊक नाही. सुशीलाबाईंनी आता वकीलपत्र मला दिलंय, त्यावर त्यांची सही आहे, वाकडीतिकडी. आईची खोली गेली ती गेलीच. तिथे आता चपलांचं दुकान आहे. मी त्या गल्लीतून मुद्दाम जाते, राग थंड होऊ नये म्हणून.

ते पॅड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वाळून खडखडीत झालंय. माझ्यासमोर कुणी जमिनीवर बसणार नाही. कागद आधी अशिलाच्या हातात जाईल. त्याला वाचता येत असेल तर तो वाचेल. येत नसेल तर मी वाचेन, दोनदा, आणि त्यात काय लिहिलंय ते तो मला स्वतःच्या तोंडानं सांगेल. मगच सही, मगच अंगठा. तेवढ्यात पुकारा झाला तर होऊ दे. मी आत जाऊन सांगेन, माझा अशील अजून वाचून राहिला आहे. थांबा.