चिमाबाईची दाढ आणि ओट्यावरचं पोतं

बेडशाच्या चिमाबाईची दाढ दुखायला लागली तेव्हा तिनं बरेच दिवस ते कुणाला सांगितलंच नाही. सांगणार तरी कुणाला? नवरा सीताराम जाऊन कैक वर्षं झालेली. मुलगा सुहास सुदुंबऱ्याकडं कारखान्यात, तिकडंच खोली करून राहिलेला. घरात चिमाबाई आणि एक मांजर, आणि ते मांजरसुद्धा जेवणापुरतंच घरचं.

तरी चिमाबाईला एकटी म्हणायची वस्तीत कुणाची छाती नव्हती. सकाळी तिच्या ओट्यावर बसायला जागा मिळायची नाही. कारण काय, तर चिमाबाईसारखी मिश्री अख्ख्या वस्तीत कुणाला भाजता यायची नाही. चुलीवर तवा ठेवायचा, तंबाखूची पानं मंद जाळावर परतत राहायचं, आणि पानं काळी झाली पण राख झाली नाही अशा बेताला तवा खाली घ्यायचा. जरा अलीकडं तर कच्ची, जरा पलीकडं तर कडू. वास गल्लीत गेला की बाया आपापल्या डब्या घेऊन यायच्या. बोटावर चिमूट घ्यायची, दातांवर फिरवत बसायचं, आणि तोंड भरलेलं असतानाच साऱ्या गावाची खबरबात बोलून घ्यायची. पलीकडच्या घरातल्या येसूबाईचं तर ओट्याच्या कोपऱ्यात कायमचं पोतं अंथरलेलं. त्यावर दुसरं कुणी बसत नसे.

चिमाबाईचं दिवसाचं बोलणं म्हणजे तेवढंच. बाया उठून गेल्या की मग अंधार पडेपर्यंत चूल आणि मांजर.

दाढ ठणकली तसा तिनं घरचा उपाय केला. मिश्रीची जास्तीची चिमूट दाढेवर दाबून धरली. बधिर झालं की बरं वाटायचं, मग पुन्हा ठणका. लवंग झाली, मीठपाणी झालं. शेवटी गाल टम्म फुगला आणि ते घरोघर तपासणीला येणाऱ्या आशाताई रेणुकाच्या नजरेला पडलं. पोरगी गुणाची. तिनं तोंड उघडायला लावून बघितलं आणि सांगितलं, मावशी, आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या, लोणावळ्याच्या सरकारी दवाखान्यात दातांचा डॉक्टर बसतो. चिमाबाईला हे नवीनच होतं. सरकार ताप बघतं, बाळंतपण बघतं, पोरांना लस टोचतं, हे ठाऊक होतं. पण म्हातारीच्या दाढेचीही चौकशी ठेवतं म्हणजे कमालच झाली. पोटच्या पोरानं कुठं ठेवली होती?

रेणुकानं जाताना एकच बजावलं, दात नीट घासून जा. चिमाबाई शब्दाला पक्की. जायच्या दिवशी ती उजाडायच्या आत उठली, ताज्या मिश्रीनं एकदा दात घासले, आणि डॉक्टरसमोर शोभा नको म्हणून निघता निघता पुन्हा एकदा घासले. मग चिठ्ठी पदराला बांधून जीपनं कामशेतला आणि तिथून एसटीनं लोणावळ्याला गेली.

दातांची डॉक्टर निघाली पोरसवदा मुलगी, ऋचा नावाची. तिनं चिमाबाईला त्या आडव्या होणाऱ्या खुर्चीत निजवलं, तोंडावर दिवा आणला, आणि बघतच राहिली.

"आजी, दात कशानं घासलेत?"

"मिसरीनं. येक डाव न्हाई, दोनदा घासल्यात."

डॉक्टरीणबाईनं मान फिरवून हसू गिळलं आणि चुळा भरायला लावल्या. पाणी बराच वेळ काळंच येत राहिलं. मग तिनं पुन्हा दिवा आणला, आरशाची काडी गालाच्या आत फिरवली, आणि तिचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"आजी, आत पांढरा चट्टा आलाय. आज नुसता चट्टाच दिसतोय. पण मिश्री चालू ठेवलीत तर पुढचं मला सांगता यायचं नाही."

"आन् सोडली तर?"

"बरेचदा जातो. मी पुन्हा बघणार आहे."

दाढ काढायचीच होती, पण सूज होती आणि रक्तदाबही चढलेला. गोळ्या देऊन तिनं पुढच्या आठवड्यात बोलावलं. आणि सांगितलं, येताना सोबत कुणीतरी आणा.

"दाढ माजी हाय, बाई. दुसऱ्याचं काय काम?"

"चक्कर आली तर धरायला कुणीतरी हवं ना, आजी."

परतीच्या एसटीत चिमाबाईला दाढेचा ठणका जाणवलाच नाही. ते धरायचंच डोक्यात घोळत होतं. घरी येऊन तिनं सुहासला फोन लावला. तो म्हणाला, रविवारी येतो. ती म्हणाली, रविवारी दाताचं कुणी बसत नाही. मग तो म्हणाला, पाळी बदलून मिळत नाही, रिक्षा करून जा. त्याचंही खोटं नव्हतं. पण रिक्षा काय धरणार होती?

दुसऱ्या दिवशी चिमाबाईनं तवा चढवला नाही. बाया आल्या, त्यांना तिनं चट्ट्याचं सांगितलं. साऱ्यांनी हळहळ केली. थोडा वेळ बसल्या, पण बोटांना काम नसलं की बाईचं बोलणंही रेंगाळतं. एकेक उठून गेली. पुढं काही दिवसांतच मिश्रीचा वास येसूबाईच्या घराकडून यायला लागला. डब्या तिकडं गेल्या, हसणंही तिकडं गेलं. आणि एका सकाळी चिमाबाई ओटा झाडायला आली तर कोपऱ्यातलं पोतंही नव्हतं. ती जागा तिनं झाडली, आणि थोड्या वेळानं उगाचच पुन्हा झाडली.

फळीवर तंबाखूचा डबा अजून होता. एका संध्याकाळी तिनं तवा ठेवला, डबा काढला. आपण लावायची नाही, नुसती भाजून द्यायची, त्यात काय बिघडलं? बाया तर येतील. हात डब्यात गेला तोच तिची जीभ आपसूक गालाच्या आत फिरली आणि खरबरीत जागेवर थांबली. हे असलं बायांच्या गालात आपल्याच हातानं पेरायचं? तिनं डबा बंद केला आणि तापलेल्या तव्यावर एक भाकरी थापून टाकली. ती खायला मात्र मांजरसुद्धा आलं नाही.

दवाखान्याच्या आदल्या दिवशी येसूबाई आली. हातात डबी. तिची मिश्री करपली होती, बाया तोंड वेडंवाकडं करत होत्या. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. चिमाबाईनं मग सरळच विचारलं, उद्या लोणावळ्याला माझ्यासंगं येतेस का.

"येते की. आल्यावर येक तवा भाजून दे."

"मिसरी न्हाई भाजायची, येसू. तुला बी न्हाई."

"मंग म्या कशाला यावं?"

येसूबाई डबी घेऊन उठली. चिमाबाई रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवत होती की डॉक्टरीणबाईला सांगायचं, माणूस बाहेर उभं आहे.

सकाळी ती फाट्यावर गेली तर जीपमध्ये येसूबाई आधीच बसलेली. काखेत घडी घातलेलं पोतं.

"माजी नणंद हाय वलवणला. तिकडं चालले," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

लोणावळ्याला उतरल्यावर येसूबाई वलवणच्या वाटेला वळलीच नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं पोतं अंथरलं आणि बसली. आतून डॉक्टरीणबाईनं विचारलं, आजींच्या सोबत कोण आहे?

"मी हाय," येसूबाई दारात येऊन म्हणाली. "धरायला."

दाढ निघाली. डॉक्टरीणबाई येसूबाईला म्हणाली, तुम्हीही बसा, तुमचंही तोंड बघते. येसूबाईनं ओठ असे घट्ट मिटले की पुढचं बोलणंच खुंटलं. परतीच्या वाटेवर चिमाबाईच्या तोंडात कापसाचा बोळा आणि येसूबाई रुसलेली. पण एसटीतून उतरताना चिमाबाईचा झोक गेला, तेव्हा दंडाला धरलेला हात येसूबाईनं थेट ओट्यापर्यंत सोडला नाही. चिमाबाईला दारात बसवून ती घरी गेली. पोतं मात्र कोपऱ्यात अंथरून गेली.

आता महिना होत आला. सकाळी वास अजून येसूबाईच्याच घरून येतो, बायाही तिकडंच असतात. चिमाबाईच्या ओट्यावर त्या वेळी कुणी नसतं. मांजर तेवढं पोत्यावर येऊन बसतं, ते तिला चालतं. पण बाया रानात गेल्या, उन्हं कलली की येसूबाई चुळा भरून, तोंड पुसत येते. कधी येते, कधी येत नाही. चिमाबाई मात्र उन्हं कलायला लागली की रोज मांजराला पोत्यावरून हुसकावते.