हवेतली चौकट

आमच्या गावचं सिनेगॉग, आम्हा यहुद्यांचं प्रार्थनाघर, नव्यानं बांधायला काढलंय. काल नातीला घेऊन पाया बघायला गेले, तर सवयीनं हात वर गेला आणि दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनांच्या डबीला, लावून मुका घ्यायची बोटं मी ओठांशी नेली. चौकट होती कुठे!

"आजी, हवेचा मुका घेतलास?" नात खिदळली. शहरात वाढलेली पोर; आमच्या रीती तिच्यापर्यंत पोचतील का, ही माझी धास्ती.

बाबा सांगायचे, बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या आपल्या पूर्वजांनी पाडलेल्या मंदिराचा पाया पुन्हा घालण्याआधीच उपासना सुरू केली. दोन वेण्यांची दीडशहाणी मी विचारायचे, "भिंतीच नाहीत, तर देव बसला कुठे?"

तेवढ्यात नातीनं चवड्यांवर उभं राहून हवेत बोटं टेकवली. "इथंच ना गं?"

"बोटभर वर," मी ऐटीत सांगितलं, जणू चौकट मला दिसतच होती.