खाऱ्या पाण्याने धुतलेला डेक

माझ्या भावाने आपलं शेवटचं दीड वर्ष दोन हात लांबीच्या एका लाकडी जहाजावर घालवलं. त्याचा मला अजून राग येतो. राग नेमका कोणाचा, ते मला आजही सांगता येत नाही.

तो नौदलात खलाशी होता. आमच्या दारव्ह्यात पाणी म्हणजे अडाण नदी, तीही उन्हाळ्यात डबक्यांपुरती उरणारी. तिथला मुलगा लढाऊ जहाजावर गेला याचं काहींना कौतुक होतं आणि पुष्कळांचा त्यावर विश्वासच नव्हता. मुंबईच्या गोदीत ओझी उचलत असेल, असं आमच्या पाठीमागे बोललं जाई. साठ सालानंतर तो परत आला, तेव्हा त्याच्यासोबत एक ट्रंक होती आणि छातीत क्षय होता. नौदलाने त्याला कायमचं घरी पाठवलं होतं. वडील आधीच गेले होते. घरात माय आणि मी, दोघीच. मी त्याची धाकटी बहीण, नुकतीच प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते.

त्याची खाट ओसरीत टाकली. ताट वेगळं, पेला वेगळा. शेजारणी चुलीसाठी विस्तव मागायला यायच्या, त्या यायच्या थांबल्या. मला त्याचं दुःख झालं नाही, त्यांच्या जिभेपासून सुटका झाली असंच वाटलं. पण तो दिवसभर छताकडे पाहत पडून राही आणि ते मला बघवत नसे. म्हणून त्याने सावरीचा एक हलका ओंडका मागवून तो तासायला घेतला, तेव्हा प्रथम मला बरंच वाटलं. जहाजाचा सांगाडा झाला. चहाच्या डब्याचा पत्रा कापून तोफांची घरं झाली. तोफांच्या नळ्यांसाठी माझी चांगली छत्री मोडली गेली. पुढे पावसाळाभर मी गोणपाटाची खोळ घेऊन शाळेत जात होते, आणि तो हसून म्हणत होता, "सरकारी कामासाठी गेली तुई छत्री, बाई."

डेकपाशी आल्यावर मात्र तो थांबला. बाकी जहाजाला त्याने राखाडी रंग दिला होता, डेकला रंग चालणार नव्हता. त्याच्या जहाजावर खाली लोखंड होतं आणि वर सागाच्या फळ्या. तो रोज सकाळी अनवाणी त्या फळ्यांवर उभा राहिलेला माणूस. "पायाले गार लागे ते लाकूड," तो म्हणायचा. त्याला खरा सागच हवा होता, तोही जुना आणि मुरलेला.

तसा साग घरात होता. वडील लाकडाच्या डेपोत कामाला होते, तेव्हा उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यांनी मायसाठी देव्हारा केला होता. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली आणि काही दिवसांनी आमच्या वस्तीनेही देव सोडले. आमच्या घरातले टाक मायने स्वतः टोपलीत घातले आणि अडाणच्या डोहात सोडून आली. ती रडली नाही. "गेले ते बरं झालं, कवा कामी आले होते?" एवढंच म्हणाली. भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. देव्हारा मात्र खुंटीवर तसाच राहिला, आणि मायने त्यात मिठाचा डबा ठेवला. पण तिची सकाळची उठायची वेळ बदलली नाही. आंघोळ करून ती त्या भिंतीपाशी येई आणि थोडा वेळ नुसती उभी राही. इतकी वर्षं याच वेळेला तिने देवांना ताम्हणात घेऊन आंघोळ घातली होती.

भावाने देव्हारा मागितला तेव्हा तिने डबा काढला, धूळ पुसली आणि देव्हारा त्याच्या खाटेवर नेऊन ठेवला. "ने. रिकामाच तं हाये."

मग सुरू झाला तो फळ्यांचा उद्योग. पातळ पात्याच्या करवतीने तो देव्हाऱ्याच्या फळ्या चिरायचा, बोटाच्या नखाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या काढायचा आणि फुटक्या काचेच्या धारेने त्या खरवडून सारख्या करायचा. प्रत्येक पट्टीच्या कडेला काजळ लावायचा, म्हणजे दोन फळ्यांमध्ये डांबर भरल्याची काळी रेघ दिसते. मातीच्या भांड्यात सरस उकळायचा. कातड्याच्या त्या डिंकाचा वास घरभर बसायचा. मग मधल्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला एकेक पट्टी चिकटवत जायचा. शेजारशेजारच्या पट्ट्यांचे सांधे कधी एका ओळीत येऊ द्यायचा नाही. एखादी पट्टी केसभर हलली तरी उचकटून पुन्हा लावायचा. आणि हे सगळं करताना ती सागाची बारीक पिवळी भुकटी त्याच्या नाकातोंडात जायची.

डॉक्टरांनी धूर आणि धुळीपासून लांब ठेवा, असं बजावलं होतं. मी रोज भांडायचे.

"तुले समजत नाही का? हे जहाज तुले खाऊन टाकीन."

"मले डेक पुरा करू दे. मंग तू म्हणशीन तसा पडून राहीन."

"आणि तवापर्यंत?"

"तवापर्यंत तू दुसऱ्या कोनाशी भांड ना, बाई."

माय म्हणायची, "करतो तं करू दे वं त्याले." त्याचं मागणं एवढंच होतं आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं. हा डेक त्याला आपल्या हाताने पुरा करायचा होता. आपण कुठे होतो, कशावर उभे होतो, हे मायला दाखवायचं होतं. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. पोरगा दहा वर्षं कुठल्यातरी पाण्यात होता, इतकंच तिला ठाऊक होतं. काम करता करता तो तिला सांगायचा, की जहाजावर पहाटे शिट्टी होते, सगळे पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडून रांगेत उभे राहतात आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याने डेक घासतात. "डेक पयले धुवा लागते, माय, मंग चहा. नाही धुतला तं लाकूड सुकते, फटी पडतात." माय तांदूळ निवडता निवडता ऐकायची. तो इतका आनंदाने दुसरं काहीच बोलत नसे.

फाल्गुनापर्यंत डेक जवळजवळ झाला. नुसती पुढच्या टोकाची वीतभर जागा उरली. रोगण त्याने लावलं नाही, खऱ्या डेकला रोगण नसतं म्हणून. मग एका दुपारी त्याला खोकल्यातून रक्त आलं, आणि यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं लागलं. निघताना त्याने जहाजाकडे एकदा पाहिलं. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाने मधल्या दोन फळ्यांत बारीक फट दिसायला लागली होती. "लक्ष ठेव माय याच्यावर," तो म्हणाला.

मलाही त्याच दिवसांत शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी यवतमाळला राहावं लागलं. रविवारी मी त्याला भेटायचे. दारव्ह्यात माय आणि जहाज, दोघंच राहिली.

उन्हाळा संपता संपता डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. बरा झाला म्हणून पाठवताहेत की काही उपाय उरला नाही म्हणून, हे मी विचारलं नाही, मला दिसत होतं. एस.टी.त तो खिडकीशी बसून पुढच्या टोकाच्या पट्ट्या कशा निमुळत्या कापायच्या, ते मला समजावत होता. मी हूं हूं करत होते.

ओसरीत पाय ठेवला तर जहाज आपल्या ठोकळ्यावर होतं, आणि डेक उखडलेला होता. अर्ध्या पट्ट्या फुगून धनुष्यासारख्या वाकल्या होत्या, उरलेल्या निघाल्याच होत्या. काजळाच्या रेघा वाहून खालच्या पांढऱ्या लाकडावर डाग पडले होते. निघालेली एकेक पट्टी मायने सुपात नीट लावून वाळत ठेवली होती. शेजारी देवांचं ताम्हण होतं, त्यात पाणी आणि पिळलेलं फडकं.

"रोज धुतलं रे," माय म्हणाली. चेहरा अर्धा खुशीत, अर्धा भ्यालेला. "खडेमीठ टाकून. एक दिवस खाडा नाही केला. तरी ह्या फळ्या कायले निघून राह्यल्या?"

पाण्याने सरस विरघळतो, हे तिला कोण सांगणार होतं? माझ्या तोंडाशी आलंच होतं. भावाने माझा हात दाबला. त्याने सुपातली एक पट्टी उचलली, उलटी करून पाहिली.

"सरसच खराब निघाला, माय. बजारातला माल. तुनं बरोबर धुतलं."

दुसऱ्या दिवशी माय तरातरा बाजारात गेली आणि त्या बिचाऱ्या दुकानदाराची तिने अशी खरडपट्टी काढली, की त्याने हात जोडून सरसाची नवी पुडी दिली. माणूस चांगला, उगाच शिव्या खाऊन बसला. मायने पुडी आणि सूप खाटेशी ठेवलं. "घे, चांगला आणला. आता लाव."

त्याने लावलं नाही. दम कमी होता, तरी बसून थोडं थोडं करण्याइतका होता. मी रोज वाट पाहत होते. ज्या कामाचा मी इतका दुस्वास केला, ते त्याने हाती घ्यावं म्हणून आता मीच तळमळत होते. माय मात्र रोज सकाळी ताम्हण घेऊन बसायची आणि उरलेला तो उघडा डेक मिठाच्या पाण्याने धुवायची.

एकदा ती पाण्याला गेली तेव्हा मी त्याला गाठलं. "काहून नाही लावत?"

"लावल्या तं ती पुन्हा धुईन."

"मंग सांग ना तिले."

"काय सांगू? का तुयाच हातानं खराब झालं?"

"मी सांगते. नाही तं वरून रोगण मारू."

"रोगणावर पाय घसरते," तो म्हणाला, आणि मग हसायचं सोडून माझ्याकडे पाहिलं. "नोको सांगू. शपथ हाये तुले. देव गेले तवापासून सकाळी तिचे हात रिकामे होते. तू पाह्यलं नाही का?"

"आणि तुयं काय?"

"माहं झालं."

मी तिथून उठून मागच्या अंगणात गेले आणि खूप रडले. त्याच्यासाठी रडले, आणि मायचा त्या घटकेला मला फार फार राग आला होता, हेही खरं आहे.

मायला काही कळलं नाही. ती मला हळूच विचारायची, "त्याचं मन उडालं का वं जहाजावरून? मी तं इतकं जपलं." मी म्हणायचे, "दम लागते त्याले." ती मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी अधिकच मन लावून घासायची, म्हणजे तरी त्याला पुन्हा हात लावावासा वाटेल. तो खाटेवरून पाहत राहायचा. कधी म्हणायचा, "कोपऱ्यात राह्यलं, माय." मग ती कोपराही पुसायची.

थंडी पडल्यावर तो फार दिवस राहिला नाही. त्या सकाळीही मायने आधी डेक धुतला, फडकं पिळून उन्हात टाकलं, आणि मग चहासाठी त्याला हाक मारली.