डब्यातला तरवड

बहात्तरच्या उन्हाळ्यात आम्ही वडूजकडचा माळ सोडला, तेव्हा ऊन असं होतं की उडत्या कावळ्याची सावलीसुद्धा भुईवर पडायला कचरायची. मागं राहिलेले तुम्ही म्हणाल, लागला हा थापा मारायला. बरं, सावलीचं सोडा. पण हिरवं म्हणून एकच उरलं होतं: मुरमातला तरवड. कमरेएवढं झुडूप, बारा महिने हिरवं, पिवळ्या फुलांचं. शेळी हुंगायची आणि मानपान चुकलेल्या विहिणीसारखं तोंड फिरवायची.

मी सांगलीजवळ माधवनगरच्या सूतगिरणीत लागलो होतो. आईला न्यायला आलो. विहीर आटलेली, घरात ती एकटी. तरी अडून बसली. आमच्याकडं नवरात्रात घटावर रोज तरवडाच्या फुलांची माळ चढते, दुसरी चालत नाही.

"नळ हाय म्हनतोस, पर माळ कशाची घालू?"

शेवटी तेलाच्या डब्यात मातीसकट एक रोप घेऊन निघाली. "घटाला हेला फूल आलं तर ऱ्हाईन. न्हाई तर माघारी."

एसटीत कंडक्टरनं डिवचलं, "मावशी, ह्याचं तिकीट?"

"ल्हान हाय अजून. मांडीवर बसतंय."

माधवनगरात नळ बघून आईचं भानच सुटलं. सकाळी तांब्या, दुपारी तांब्या, "पी रं माझ्या राजा" करत. पाणी जास्तही होऊ शकतं, हे आमच्या माळावरच्या माणसाला पटायचं कसं? पानं पिवळी पडली तशी ती आणखी ओतायची. शेजारच्या काकू कृष्णाकाठच्या. त्या म्हणाल्या, "आवं, मुळं कुजत्यात त्येची."

आई कडाडली, "नदीकाठच्यास्नी तहान काय ठावं!"

घट बसायच्या आदल्या दिवशी नुसत्या काड्या उरल्या. मी बाजारातली पिवळी शेवंती आणून गिरणीच्या सुतानं त्या काड्यांना बांधली. आईनं एक फूल चिमटीत धरलं. हसली.

"सुताच्या गाठीला फुलं येत्यात व्हय रं?"

लय विनवलं. मिळेल त्या गाडीनं ती माघारी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत पडली ती उठलीच नाही. माळावर सरणापुरतंही लाकूड उरलं नव्हतं. लोकांनी तरवडच तोडून आणला. ओला, हिरवा, पेटता पेटेना. मी सगळीकडं सांगत असतो, त्या दिवशी एवढा रडलो की ओढ्याला पूर आला. थाप आहे. धूर डोळ्यांत जाऊनसुद्धा एक थेंब आला नाही.

घराला कुलूप घालून किल्ली शेजारच्या नानांकडं दिली. आता सांगलीत माझं दोन मजली घर आहे, घटही तिथंच बसतो, झेंडू चालतो. नाना थकलेत. किल्ली घेऊन जा, असा त्यांचा निरोप येतो. दर खेपेला मी नवी सबब सांगतो, आणि सबबी काढण्यात मला कोण हरवणार! किल्ली हातात आली की दार उघडावं लागेल. नानांकडं आहे तोवर आत कोणीतरी आहे.