खारीचं पाणी

शेजारच्या सुमनकाकूंच्या वीस गुंठे वांग्यांत ठिबक बसलं आणि आठवड्याभरात नळ्यांना भोकं पडू लागली. रोज सकाळी एक नवं कारंजं. काका खारींना शिव्या देत नळी जोडायचे. काकू मात्र बांधावर बसून नुसत्या बघत राहायच्या.

काल गेलो तर एकही कारंजं नव्हतं. काकूंनी शेवटच्या नळीचं टोक किंचित सैल सोडून त्याखाली फुटक्या माठाचं बूड ठेवलं होतं. त्यात थेंबाथेंबाने साठलेलं पाणी एक खार मजेत पीत होती.

"उघडा पाट होता तेव्हा कुणी काही कुरतडलं का?" काकू म्हणाल्या. "आपण पाणी नळीत कोंडलं, पण त्यांना सांगितलं कुठं?"

मला हसू आलं. पाटाचं पाणी वाटेत वाया जातं, असं आम्ही सगळेच म्हणायचो. ते कुणाकुणाच्या पोटात जात होतं, हे बघायचं मात्र राहूनच गेलं होतं.

एवढ्यात काका आले. माठाच्या बुडात डोकावून त्यांनी बांधावरचा एक चपटा दगड अलगद आत ठेवला.

"मधमाश्या बुडतात," ते म्हणाले आणि वांग्यांत शिरले.