टेकडीवरून मारलेली हाक

मागच्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. हजर तिघं: मी, माझी बायको वैशाली आणि आमचे व्याही आंतोन. हे आधीच लिहितोय, कारण असल्या गोष्टींत तारीख कधी नसते आणि साक्षीदार नेमका वारलेला असतो. आमचे तिन्ही साक्षीदार जिवंत आहेत. माझा असल्या प्रकारांवर विश्वास नव्हता. आजही नाही... पण राग मात्र आहे.

आमची मुलगी ऋतुजा उत्तनला दिलीये. जावई नेल्सन घरच्या बोटीवर जातो. ऋतुजाला सातवा महिना होता म्हणून आम्ही मीरा रोडहून भेटायला गेलो. जेवणाआधी आंतोन म्हणाले, "चला, टेकडीवर. आपली बोट दाखवतो."

खालून ती टेकडी म्हणजे झुडपं आणि दगड. चढ मात्र असा उभा, की दहा मिनिटांत मला धाप लागली. वैशाली वरून म्हणते कशी, "सोसायटीच्या मीटिंगमध्ये बरा दम टिकतो!"

वर पोचलो. एका बाजूला नुसता समुद्र, दुसरीकडे मिठागरं आणि त्यांच्या मागे आमच्या मीरा रोडचे टॉवर. एवढ्याशा चढाला इतकं दिसेल असं वाटलं नव्हतं.

लांब पाण्यावर एक ठिपका होता. "ती आपली कृपासागर," आंतोन म्हणाले. "शेवटचा जाला ओढतान. मंग घरी." हाताचा भोंगा करून त्यांनी बोटीच्या नावानं लांबलचक हाक मारली. ही त्यांची पद्धत.

मला गंमत वाटली. मीही ओरडलो, "नेल्सन! ए नेल्सन!"

"ओ... आलो, बाबा!"

आवाज मागून आला. अगदी जवळून, खडकाच्या पलीकडून. वैशाली तर हसतच वळली, "अरे, तू इथे कसा?"

तिथे कोणी नव्हतं.

आंतोननी छातीवर क्रूसाची खूण केली. "व्याहीबुवा, काय केलंत हो! पान्यावरच्या मान्साला नावान हाक मारत न्हाय. बोटीला मारतान!"

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगायचा काय त्यात? आमच्यात पोरासोरांना पन ठाव हाय!" एवढं बोलून ते धावतच खाली निघाले.

बोट किनाऱ्याला लागली तेव्हा नेल्सनच्या उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला होता, लाल झालेला. दोन बोटं गेली होती. तो म्हणाला, "ऋतुजाच्या बाबांनी मागून हाक मारली. मी 'ओ, आलो' म्हणून वळलो, आणि हात जाळं ओढायच्या विंचमध्ये गेला." त्यानं दिलेली ओ खलाशांनीही ऐकली होती. माझी हाक त्याच्याशिवाय कोणीच ऐकली नव्हती.

त्यानंतर गावभर झालं, व्याह्यानं पोराचा हात घालवला. माझं डोकंच फिरलं. त्या विंचवर झाकण नव्हतं, हे मी स्वतः पाहिलं. ते कोणी बोलेना! आंतोन म्हणायचे, चर्चमध्ये एक मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, द्या, विषय संपला. मी म्हटलं, दिला म्हणजे गुन्हा कबूल केला. सहा महिने आमचं बोलणं बंद, आणि मध्ये बाळंतीण ऋतुजा रडतेय.

बोट किनाऱ्याला असताना मी एकटा पुन्हा वर गेलो, घसा फाटेस्तोवर ओरडलो. साधा प्रतिध्वनीही आला नाही.

शेवटी नेल्सनलाच विचारलं, "तुलाही वाटतं, माझ्यामुळे झालं?"

तो डाव्या हातानं बाळाला थोपटत होता. "हाक तुमचीच होती, बाबा," तो म्हणाला. "पण ओ मी दिली."



मग मी दोन्हीकडे पैसे दिले. चर्चच्या फादरना मिस्साचे पाचशे, आणि भाईंदरच्या एका फॅब्रिकेटरला विंचवर लोखंडी झाकण बसवायचे साडेसहा हजार. यातले कुठले वाया गेले, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.