आमच्या घराण्याची छाती

घर्रर्र... मग काहीच नाही. मग एकदम घुर्रर्र!

अमरावतीकडच्या आमच्या गावात बाबा दुपारी झोपले की हा आवाज यायचा. मधेच तो थांबला की आईचे तांदूळ निवडणारे हातही थांबायचे. आवाज परत आला की हात पुन्हा चालू. पलीकडच्या खोलीत आत्या बसलेली असायची, तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. आम्ही पोरं म्हणायचो, "इंजिन बाबांचं, शिट्टी आत्याची!"

पुढे थोरले भाऊ अण्णा दिल्लीत सरकारी ऑफिसात शिपाई झाले, मी नोएडाच्या एका कारखान्यात ड्रायव्हर. एकाच फ्लॅटमध्ये राहिलो. बाबांचा आवाज अण्णांनी जसाच्या तसा उचलला. त्याचे किस्से इतके साचलेत की जेवायला बसलो की कुणीतरी एक वाढतंच. मी सावकाश बोलतो, माझी पाळी येईपर्यंत ताटं उचललेली असतात. म्हणून लिहितोय.

*

नोएडातल्या आमच्या नव्या सेक्टरात तेव्हा वीज कमी आणि जनरेटर जास्त. एका रविवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या खन्नाजींनी बेल वाजवली.

"भाईसाहब, बत्ती तो कब की आ गई. अब जनरेटर बंद कर दीजिए!"

वहिनींनी आतल्या खोलीकडे बोट केलं. खन्नाजींनी डोकावून पाहिलं, अण्णांना हात जोडले आणि विचारलं, "इसमें तेल कौन डालता है?"

"मैं," वहिनी म्हणाल्या. "दो टाइम!"

तेव्हापासून दोस्ती झाली. पुढे तर खन्नाजी म्हणायचे की वरून तो आवाज आल्याशिवाय त्यांना रविवारची झोपच लागत नाही.

*

अण्णांना घोरण्याचा अभिमान होता. "एवढा आवाज काढायला फुप्फुसं लागतात. ही आमच्या घराण्याची छाती!"

त्यांच्या मुलीला, सुषमाला, लहानपणीच दमा निघाला. डॉक्टरांनी पंप दिला. अण्णांनी वहिनींकडे बघत लगेच निकाल लावला, "हे हिच्या माहेरचं. आमच्याकडे दमा नाही."

वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "माझ्या बाबांना एकदा शिंक आली होती. तेवढंच!"

*

अण्णांचं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गाजवळ. साहेबांच्या केबिनबाहेर त्यांचं स्टूल. ते दिवस परदेशी कंपन्या नव्याने येण्याचे. एकदा आत अशीच पाहुण्यांची मोठी मीटिंग चालली होती आणि बाहेर स्टुलावर अण्णांचा डोळा लागला.

आवाज सुरू झाला. पाहुणे हसले. आवाज थांबला. पाहुणेही थांबले. कुणी चहाचा कप खाली ठेवेना. शेवटी घुर्रर्र झालं तेव्हा सगळ्यांनीच श्वास सोडला.

त्यांच्यातल्या एका देशी पाहुण्याने काळजीने विचारलं, "ये ठीक तो हैं?"

साहेब म्हणाले, "सरकारी काम है जी. रुकता है, पर बंद नहीं होता!"

*

एकदा मात्र कुणी हसलं नाही. सुषमा तेव्हा गुडगावच्या एका कंपनीत नुकतीच लागली होती. अण्णा तिला स्कूटरवरून बसपर्यंत सोडायला निघाले. लाल सिग्नलला थांबले आणि हँडल धरल्या धरल्या झोपले. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले. सुषमाने चिमटा काढला तेव्हा कुठे जागे झाले.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "काका, आजोबा झोपेतच गेले ना?"

"हो. त्या दुपारी आवाज थांबला, तो पुन्हा आलाच नाही."

ती उठून अण्णांपुढे उभी राहिली. "पापा, डॉक्टरकडे चला."

"घोरण्यासाठी डॉक्टर? लोक हसतील!"

"अच्छा? मग माझा पंपही कचऱ्यात टाकते. मीसुद्धा आपल्या घराण्याचीच आहे ना?"

तिने खरंच डब्याचं झाकण उघडलं. दुसऱ्या दिवशी अण्णा मुकाट्याने रिक्षात बसले.

*

झोपेची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोपेत तुमचा श्वास थांबतो, म्हणून दिवसा डुलक्या लागतात. घरात कुणाला दमा आहे?"

"मुलीला. तिच्या आईकडून आलाय. आमच्याकडे कुणाला नाही."

"आणि आत्याबाई?" वहिनींनी विचारलं.

"तिला दमा नव्हता! तिच्या लग्नाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं, तिला फक्त धूळ सोसत नाही."

"किती वर्षं सोसली नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जन्मभर," अण्णा म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

बाईंनी समजावलं. हे दोन्ही आजार पुष्कळदा एकाच घरात दिसतात. दोन्हींच्या मुळाशी काही जीन सारखे असावेत, असं संशोधक म्हणतात. अजून सगळं उलगडलेलं नाही. "आणि सगळं रक्तावर ढकलू नका. पोटही कमी करा!"

"म्हणजे पापा," सुषमा टाळी वाजवत म्हणाली, "माझा पंप बहुतेक तुमच्याकडूनच!"

संध्याकाळी वहिनींनी जिलेबी मागवली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सहजच."

*

घरी झोपेत श्वास थांबू न देणारं मशीन आलं. नाकावर मास्क, त्याला नळी. अण्णा म्हणाले, "हत्ती दिसतोय मी." पण त्या रविवारी जेवून मास्क लावला आणि जे झोपले, ते अगदी बिनआवाज. मी बाहेर पेपर चाळत होतो. वहिनी पुन्हा पुन्हा दारातून बघून जात होत्या.

तेवढ्यात जिन्यात धावण्याचा आवाज आला. खन्नाजी बेल न वाजवताच आत शिरले. अंगात बनियन, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"भाईसाहब को... आज आवाज नहीं..."

मी आतल्या खोलीकडे बोट केलं.

ते पलंगाजवळ गेले. अण्णांची छाती वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर जात होती. कुठेच थांबत नव्हती. खन्नाजी बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी अण्णांच्या पायांवरची सरकलेली चादर नीट केली, बनियननेच डोळे पुसले आणि एका पायात स्वतःची, दुसऱ्यात अण्णांची चप्पल घालून जिना उतरून गेले.